पद नंतर बघू, आधी नमुना एक मागा

ताई,

तुमचा प्रश्न असा आहे: घाटंजी तालुक्यातलं गाव, नऊशेच्या आसपास मतदार, ग्रामपंचायतीच्या यादीत १७ दिव्यांग. तीन वर्षांत सरपंचांपासून आमदारांपर्यंत तुम्ही अकरा निवेदनं दिली. प्रत्येकाचा फोटो आहे, पोच एकाचीही नाही. गेल्या मार्चमध्ये ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधी म्हणून माणशी ७०० रुपये वाटले आणि सह्या घेतल्या. आता एका पक्षाच्या तालुकाध्यक्षांनी 'दिव्यांग आघाडी'चं तालुकाप्रमुखपद देऊ केलंय. ते घ्यावं की वेगळी संघटना काढावी, आणि राजकारणात पडल्यानं गावाची सहानुभूती जाईल का, असं तुम्ही विचारता.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. जाईल. जाऊ द्या. तीन वर्षांच्या सहानुभूतीचे तुम्हाला ७०० रुपये मिळाले.

मी पोलिओचा माणूस. पांढरकवड्याच्या बाजूला बावीस वर्षं हेच काम करतोय. माझ्या जुन्या सर्टिफिकेटावर 'अपंग' आहे, नव्या कार्डावर 'दिव्यांग', आणि गावात आजही मी 'लंगडा मास्तर'. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून 'दिव्यांग' शब्द सुचवला तेव्हा आमच्या बैठकीत दोन तास त्याच्यावर भांडण झालं होतं. आता मी कोणत्याही शब्दाला ओ देतो. कागदावर आकडा किती लिहिलाय, तेवढं बघतो.

पदाचं सांगतो. २००९ च्या विधानसभेच्या आधी मलाही असंच पद मिळालं होतं. पक्ष कोणता ते सांगत नाही, कारण पुढच्या काही वर्षांत आणखी दोघांनी तसंच देऊ केलं. लेटरपॅड छापून आलं, गळ्यात दुपट्टा आला, बॅनरवर खालच्या कोपऱ्यात तिकिटाएवढा फोटो आला. सभेत मला स्टेजवर चढवायला चार पोरं लागायची, कारण स्टेजला पायऱ्या. ज्या आघाडीच्या प्रमुखाला पोत्यासारखं उचलून वर ठेवावं लागतं ती आघाडी काय कामाची, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, त्याची मला अजून लाज वाटते. मतमोजणी झाली आणि माझा फोन कोणी उचलेना.

म्हणून 'राजकारणात पडू नका' असं सांगणारा मी नाही. आपल्या हातात आज जे काही आहे ते सगळं राजकारणातूनच आलंय. १९८० च्या मार्चमध्ये दिल्लीत अंधांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा देशात दिव्यांगांचा असा कायदाच नव्हता. १९९५ चा कायदा झाला तो कसा? १९ डिसेंबरला दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांचे सोबती संसदेबाहेर जमले. अबिदी स्वतः व्हीलचेअरवर. २२ तारखेला विधेयक मंजूर. २०१६ चा कायदाही तसाच. विधेयक फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि पुढं जवळजवळ तीन वर्षं रखडलं. २०१६ च्या डिसेंबरात, १४ तारखेला राज्यसभा आणि १६ ला लोकसभा, असं ते मंजूर झालं. सातांचे एकवीस प्रकार झाले. नोकरीतलं आरक्षण ३ टक्क्यांचं ४ झालं. मसुद्यात मात्र ५ होतं, वाटेत एक टक्का गळाला. तो कुठं गळाला ते विचारायला आपली माणसं कमी पडली. उलट उदाहरणही आहे. जुलै २०२० मध्ये, सगळे कोरोनात अडकलेले असताना, या कायद्यातल्या शिक्षेच्या काही तरतुदी सौम्य करायचा प्रस्ताव दिल्लीतून आला. देशभरातल्या संघटनांनी घरात बसून इतकी पत्रं पाठवली की काही दिवसांतच तो मागं घ्यावा लागला.

आपल्या विदर्भातलं उदाहरण हवं असेल तर अचलपूरचे बच्चू कडू बघा. २००४ ते २०२४ ते आमदार होते. दिव्यांगांचा प्रश्न त्यांनी रस्त्यावर आणला, टाकीवर चढून आणला, मंत्रालयात नेला. त्यांची पद्धत कोणाला पटो न पटो. २०२२ च्या डिसेंबरात राज्यात वेगळा दिव्यांग कल्याण विभाग झाला. जून २०२५ मध्ये मोझरीला ते उपोषणाला बसले तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसोबत दिव्यांगांना महिना ६,००० रुपये ही मागणी होती. सहा हजार झाले नाहीत, पण संजय गांधी निराधारमधल्या दिव्यांगांचे १,५०० चे २,५०० झाले, ऑक्टोबर २०२५ पासून. आणि त्याच कडूंना २०२४ मध्ये अचलपूरच्या मतदारांनी घरी बसवलं. म्हणजे दिव्यांगांचा नेता असणं ही वेगळी गोष्ट आणि दिव्यांगांची मतं एका गठ्ठ्यानं पडणं ही वेगळी. आपल्या चळवळीला नेता मिळाला, गठ्ठा अजून बांधला गेलेला नाही. तो गावातच बांधावा लागतो, तालुक्याच्या पदावरून बांधता येत नाही.

आता तुमच्या ७०० रुपयांकडे येऊ. माझ्या मते सगळा प्रश्न तिथंच आहे.

सतरा गुणिले सातशे म्हणजे ११,९००. हे ५ टक्के असतील तर ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न २ लाख ३८ हजार धरलंय. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजाराचा लिलाव असं गावानं स्वतः गोळा केलेलं. वित्त आयोगाचा निधी त्यात येत नाही. आता हे २ लाख ३८ हजार बरोबर आहेत का, हे तुम्ही कोणी तपासलं का? नमुना एक म्हणजे ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक. ते मागा. गेल्या तीन वर्षांचं मागा. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) तोंडी देणार नाहीत, म्हणतील, "बाई, आपल्या गावात पैसाच कुठी हाय? घरपट्टी कोनी भरत नाई." हसून घ्या आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर पहिलं अपील. माझ्या अनुभवात दहातल्या सहा गावांत अर्ज पोचल्याबरोबर कोणीतरी घरी चहाला येतं. चहा घ्या, अर्ज मागं घेऊ नका.

एका गावात आम्ही असा कागद काढला तेव्हा दिसलं की दिव्यांगांचे ५ टक्के दोन वर्षं 'किरकोळ साहित्य' या नावानं खर्ची पडले होते. साहित्य म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सतरंजी. त्या खुर्च्यांवर दिव्यांगही बसतात, असं आम्हाला गंभीरपणे सांगण्यात आलं.

पण आकडा बरोबर निघाला तरी तो छोटाच राहणार, हे आताच मनाशी धरा. छोट्या गावाचे ५ टक्के म्हणजे दहा-पंधरा हजार. ते माणशी वाटले की प्रत्येकाला दोन आठवड्यांचा किराणा येतो, यादीवर सही होते आणि वर्षभराचं तोंड बंद होतं. वाटप हीच गप्प बसवायची पद्धत आहे. मी म्हणेन, पुढच्या वर्षी वाटून घेऊ नका. मला माहीत आहे, सतरा जणांत पाच तरी म्हणतील, "मले माहे सातशे पाहिजे." त्यांचं चूक नाही, घरात गरज असते. त्यांना थांबवू नका, पण बाकी बारा जणांनी लेखी द्यावं की आमचा वाटा एकत्र ठेवा आणि त्यातून अमुक एक काम करा. ग्रामपंचायतीच्या पायऱ्या, शाळेचा संडास, दवाखान्याकडे जाणारा वीस फूट चिखल, तुम्हीच ठरवा. निधी कमी पडला की म्हणायचं, बाकीचे वित्त आयोगातून घाला. आपल्याला त्या बारा हजारांपेक्षा अंदाजपत्रकाच्या चर्चेत शिरायचं आहे, आणि ५ टक्के हे शिरायचं दार आहे. जिल्हा परिषदेच्या सेस फंडालाही, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नालाही, हाच ५ टक्क्यांचा नियम आहे, तिथला आकडा बघून डोळे फिरतात. पण ती दुसरी पायरी.

आणि वेळ. तुमची अकरा निवेदनं कोणत्या महिन्यात दिली ते आठवून बघा. मी न बघता सांगतो: बरीचशी ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला, काही १५ ऑगस्टला, एखादं आमदार भूमिपूजनाला आले तेव्हा. गावाचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत बनतं, विकास आराखडा त्याच्याही आधी. मार्चमध्ये तुम्ही गेलात तर वरातीमागून घोडं. अबिदींनी १९९५ मध्ये साधली ती वेळच होती. संसदेतल्या लोकांना दया त्या आठवड्यात एकाएकी आली नव्हती.

२ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभा धरा. ग्रामसभेचा कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी ते. तुमच्या गावाला १०० लागतात. सतरा घरांतून प्रत्येकी तीन माणसं आली तर एक्कावन्न. अर्धा कोरम तुमचा! एरवी त्या सभेला कोण येतं? सरपंच, शिपाई, दोन ठेकेदार आणि रजिस्टर घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या. एक्कावन्न माणसं खरोखर येऊन बसली की सचिवाचा पेन थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वॉर्डाच्या निवडणुकीत माणूस दहा-वीस मतांनी पडतो, हेही सरपंचाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ठराव तोंडी होऊ देऊ नका. तिथंच प्रोसिडिंगला लिहून घ्या, मोठ्यानं वाचून घ्या. कर्णबधिर कोणी असेल तर त्याला हातवाऱ्यांनी सांगणारा घरचा माणूस शेजारी बसवा, सभा त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबली पाहिजे. पहिल्यांदा लोक कुरकुरतात. तिसऱ्या सभेला स्वतःच थांबतात.

रॅम्पबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं प्रत्येक गावात फसवणूक होते. उतार एकास बारा पाहिजे. जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब. आपल्याकडे तो सहा-सात फुटांत संपवतात, कारण पुढं नाली येते. असा रॅम्प व्हीलचेअरला नाही, मोटरसायकल वर चढवायला होतो, आणि होतोच; जाऊन बघा, तुमच्या ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात कोणाची तरी स्प्लेंडर उभी असेल. निवडणुकीच्या आदल्या दिवशी तर लाकडी फळी टाकून 'रॅम्प उपलब्ध' असा फोटो वर जातो. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्यानं पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. दृष्टिबाधित असलेल्या रतुरींनी ही याचिका २००५ मध्ये केली होती. एकोणीस वर्षं. तुमचा ठराव सहा महिने रखडला म्हणून निराश होऊ नका, एवढ्यासाठी हे सांगितलं. टेप घेऊन जा, लांबी मोजा, लांबीचा आकडा निवेदनात लिहा. 'रॅम्प द्यावा ही विनंती' असं लिहिलं की फळी येते.

आता त्या सतराच्या यादीवर माझी हरकत. नऊशे मतदारांच्या गावात फक्त सतरा? २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के निघाले होते आणि तो आकडा कमी आहे हे चळवळीतले सगळे सांगतात. २००१ मध्ये तर अपंगत्वाचा प्रश्न जनगणनेत घालण्यासाठीसुद्धा झगडावं लागलं होतं. तुमची सतराची यादी मी न पाहता ओळखतो: पोलिओचे पाच-सहा, आंधळे दोन-तीन, मुके-बहिरे दोन, एखादा मतिमंद मुलगा, पाय तुटलेला एक. बहुतेक पुरुष. बरोबर?

यादीत कोण नाही ते शोधा. थ्रेशरमध्ये हात गेलेला शेतमजूर. तो स्वतःला हँडीकॅप म्हणवून घेत नाही, 'अपघात झाला' म्हणतो. शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत एक हात गेल्यास १ लाख, दोन अवयव गेल्यास २ लाख मिळतात, पण अर्ज तीस दिवसांत हवा आणि त्या तीस दिवसांत तो दवाखान्यातच असतो. घरात कोंडून ठेवलेली वेडसर सून; मानसिक आजार कायद्यात आहे, पण तिचं नाव यादीत घालायला सासर तयार नसतं, कारण धाकट्या नणंदेचं लग्न व्हायचंय. बहिरी मुलगी, जिला शाळेत 'ढ' म्हणून मागं बसवलं. आणि आपल्या भागात सगळ्यात मोठा गट: सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार.

सिकलसेलचं पोरगं दिसायला धडधाकट असतं. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला की हाडांत अशा कळा येतात की बाप्याचा बाप्या गडबडा लोळतो. आठ दिवसांनी तोच मुलगा पुन्हा ऑटोत बसून तालुक्याला जाताना दिसतो आणि गाव म्हणतं, नाटकं करते. गोंड, कोलाम, महार, कुणाच्या घरात हा आजार आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गडचिरोली-गोंदियापासून मेळघाटापर्यंत तो पसरलाय. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांना एकत्र करून कित्येक वर्षं सरकारशी भांडण केलं. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल एकवीस प्रकारांत आला. रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हा आपल्या विदर्भाचा विजय आहे, आणि आपल्याच दिव्यांग मेळाव्यांत त्याचा उल्लेख होत नाही.

पण कायद्याचं कलम ३४ काढून वाचा. सरकारी नोकरीतले ४ टक्के कोणाला? अंध आणि अल्पदृष्टी. बहिरे आणि कमी ऐकू येणारे. अस्थिव्यंग, ज्यात कुष्ठमुक्त, सेरेब्रल पाल्सी, बुटकेपणा, ॲसिडहल्ला आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी आली. आणि चौथ्या टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता. रक्ताचे आजार, म्हणजे सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, यांत नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांवर ते हक्क सांगू शकतात, नोकरीच्या ४ टक्क्यांवर नाही. एसएस पॅटर्नचा, म्हणजे नुसता वाहक नव्हे तर खरा आजार असलेला मुलगा ४० टक्क्यांचं कार्ड घेऊन भरतीला जातो आणि फॉर्मवर त्याच्यासाठी खूणच नसते. हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या संघटना उचलणार नाहीत, त्यांच्याकडे हे पेशंट कमी. तुमच्या तालुक्यातून उचलला तर तो दिल्लीपर्यंत जाण्यासारखा आहे, कारण कलम संसदेला बदलावं लागेल, आणि खासदाराला विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे. त्यांना तीनचाकी सायकल मागू नका.

नवी जनगणना २०२७ च्या फेब्रुवारीत होणार आहे. प्रगणक बहुधा तुमच्याच शाळेतले मास्तर असतील. 'घरात कोणी अपंग आहे का?' असं दारातून विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. 'कोणाला दिसायला, ऐकायला, चालायला, समजायला त्रास होतो का?' असं विचारलं की चार नावं निघतात. त्याच्या आधी तुमची स्वतःची यादी तयार असू द्या, घरोघर जाऊन केलेली. त्यासाठी दोन बाया सोबत घ्या. बाईचं अपंगत्व बाईलाच सांगतात.

पेन्शनबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. ६०० चे १,०००, मग १,५००, आता २,५००, प्रत्येक वाढीसाठी लोकांनी उन्हात पाय भाजलेत आणि ती वाढ हवीच होती. २०२४ मध्ये लाडकी बहीण १,५०० वर आली तेव्हा दिव्यांगाचं पेन्शनही १,५००च होतं. कायद्याचं कलम २४ म्हणतं की तशाच इतर योजनेपेक्षा दिव्यांगाला किमान २५ टक्के जास्त द्या, म्हणजे १,८७५. हे गणित मोर्चात घोषणा म्हणून कोणी दिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण चळवळीची सगळी ताकद पेन्शनवर गेली की दोन गोष्टी होतात. एक, ज्याचं पेन्शन सुरू झालं तो बैठकीला येणं बंद करतो. दुसरी, तालुक्याच्या संजय गांधी समितीचा अध्यक्ष हा पालकमंत्र्यांनी नेमलेला राजकीय माणूस असतो, आणि आपण सगळे त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. तुम्हाला देऊ केलेल्या पदापेक्षा त्या समितीतलं एक सदस्यपद कितीतरी वजनाचं आहे. तिथं फाइल का अडली ते दिसतं: हयातीचा दाखला नाही, उत्पन्न ५० हजारांच्या वर लागलं, कुष्ठरोगानं बोटं गेली म्हणून आधारला ठसा उमटत नाही.

कुष्ठरोगावरून आठवलं. विदर्भात सेवेची परंपरा फार मोठी. दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून, अमरावतीचं तपोवन १९४६ चं, आनंदवन १९४९ चं. ज्यांना गावानं हाकललं त्यांना या माणसांनी शेती दिली, हातमाग दिला, घर दिलं. बाबा आमट्यांचा भर भिकेवर नव्हता, कामावर होता. मी लहानपणी वरोऱ्याला जाऊन आलो आणि पहिल्यांदा मला कोणी 'बिचारा' म्हटलं नाही. पण त्याच परंपरेमुळं आपल्याकडे लोकांना वाटतं की अपंगांचं बघायला कोणीतरी संत आहेच. हक्काचं भांडण वेगळं असतं. २००८ पर्यंत, म्हणजे आनंदवन उभं राहून साठ वर्षं होत आली तरी, ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातली कुष्ठरुग्णाला निवडणुकीतून बाद करणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयात वैध ठरत होती. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते २०१९ मध्ये. आपल्याच वझ्झरचे शंकरबाबा पापळकर बघा. बेवारस दिव्यांग मुलांचे बाप झाले, २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि तरी सरकारकडे त्यांचं मागणं एकच: अठरा पूर्ण झाल्यावर या मुलांना संस्थेबाहेर काढू नका, तसा कायदा करा. इतकी सेवा केलेल्या माणसालाही शेवटी कायदाच मागावा लागतो.

नागपूरच्या मोर्चाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण डिसेंबरात तुम्हाला गाडी भरून न्यायला कोणीतरी येईलच. नागपूर करारामुळं वर्षातून एक अधिवेशन आपल्याकडे होतं. यशवंत स्टेडियमहून निघायचं, टेकडी रोडला कठडे लागलेले असतात, तिथं बसायचं. पाच जणांचं शिष्टमंडळ आत. बाहेर चारशे माणसं, त्यांत कॅलिपरवाले, काठीवाले, मांडीवर पोर घेतलेल्या आया, आणि संडास नाही. मी अशा अकरा मोर्चांत होतो. चार वाजेपर्यंत पाणी न पिता बसणाऱ्या बाया मी दर वर्षी पाहिल्या. जा, एकदा जाच. आपण किती आहोत ते कळतं. पण आत जाणाऱ्या पाचांत तुमचा माणूस कोण, हे गाडीत बसण्याआधी ठरवा. त्या पाचांत एक बाई, एक बहिरा दुभाष्यासह आणि एक सिकलसेलचा असलाच पाहिजे असा हट्ट धरा. नाहीतर पाचही पोलिओचे पुरुष जातात, माझ्यासारखे, आणि पोलिओच्या पुरुषांच्या मागण्या मांडून येतात.

कागदी हत्यारं तीन, थोडक्यात सांगतो. प्रत्येक सरकारी कार्यालयात कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. नाव विचारा, बहुतेक ठिकाणी तिथंच गडबड उडते. दिव्यांगांसाठी जिल्ह्याची समिती आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली ते माहितीच्या अधिकारात विचारा. आणि पुण्यात दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, त्यांच्या शिफारशीवर तीन महिन्यांत काय केलं ते संबंधितांना कळवावं लागतं. आपल्याकडून पुणे सहाशे किलोमीटर, पण अर्ज पोस्टानं जातो. एका वसतिगृहानं दृष्टिबाधित मुलाला 'सोय नाही' म्हणून नाकारलं होतं. आम्ही दोन पानी अर्ज पाठवला, नोटीस आली, आणि सुनावणीच्या आधीच सोय झाली. सोय म्हणजे तळमजल्यावरची खोली. ती आधीपासून रिकामीच होती.

मतदानाचंही एक. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना घरून मतदानाची सोय होती. ज्याला हलताच येत नाही त्यानं ती घ्यावी. बाकीच्यांनी बूथवर जा. रांगेत दिसा. उमेदवाराचे पोलिंग एजंट तिथं बसून नावं टिपत असतात, त्यांच्या कागदावर आपलं येणं उमटू द्या.

आता पद. तामिळनाडूनं २०२५ मध्ये कायदा करून प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत दिव्यांगांना नामनिर्देशित सदस्य म्हणून घ्यायचं ठरवलं, ग्रामपंचायतीपर्यंत. आपल्याकडे सरपंचपदाला, सदस्यपदाला महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी असं आरक्षण आहे, दिव्यांगांना नाही. त्या तालुकाध्यक्षांना विचारा: तुमच्या पक्षाचे आमदार हा मुद्दा विधानसभेत मांडतील का? लेखी द्या. पुढच्या पंचायत समितीत दिव्यांग उमेदवाराला एक सर्वसाधारण तिकीट द्याल का, पडणारी जागा नको? तुमच्या तालुका कार्यालयाला पायऱ्या किती आहेत? तिसऱ्या प्रश्नाला ते हसतील. हसू द्या, पण पायऱ्या मोजून या.

तीनपैकी दोन उत्तरं पटली आणि तुमच्या गावातल्या त्या बारा जणांनी होकार दिला, तर घ्या पद. संघटना तर काढाच, पण नोंदणीची घाई नको. धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्यांत पहिलं वर्ष जातं. वही एक घ्या, तारीख, हजेरी, ठराव. तेवढ्यावर दोन वर्षं निघतात. पदावर बसलात तरी वही तुमच्याकडे नको. ती दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा, जमलं तर एखाद्या बाईकडे, म्हणजे उद्या तुम्ही बदललात तर बाकीच्यांना मीटिंग बोलावता येईल.

अर्ज आजच लिहा. 'मागील तीन आर्थिक वर्षांचा नमुना १, दिव्यांग कल्याणासाठी राखीव ५ टक्के रकमेचा वर्षनिहाय खर्च, त्याची व्हाउचर आणि लाभार्थ्यांची यादी, साक्षांकित प्रतींसह.' एवढंच वाक्य पुरतं. पोच घ्यायला विसरू नका, या वेळी फोटो नाही काढला तरी चालेल.